पैनगंगेकाठचा नवा रस्ता
आमचं सोबतचं शेवटचं काम म्हणजे पैनगंगेत बैल धुणं. बायको हसून म्हणाली, “अवो, बैलाइतकं सोताले चोळा कधी!” दुपारी तिले साप डसला.

जंगलातून नदीच्या काठानं मेहकरले जाणारा रस्ता नुकताच झाला होता. त्याची खडी तिनंच फोडलेली. तिले दवाखान्यात नेत होतो, तं मुकादमानं बैलगाडी अडवली. “उद्या साहेब फीत कापते. डांबरावर चाकं उमटतीन.”

“माही बायको मरून राह्यली बे!”

तो हलला नाही. मी रेतीतून गाडी हाकली. ती वाटेतच गेली.

इतक्या वर्षांनी परवा तिथं पुन्हा डांबर टाकलं. वासानंच डोकं फिरलं. लोक थांबून म्हणतात, काय सुंदर रस्ता! मले थुंकावंसं वाटतं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, साहेब यायच्या आधी, मी तिची तिरडी त्याच रस्त्याच्या मधोमधून नेली.