‘वर चढा,’ म्हणाला दत्तू

दत्तूनं माझा अंबाडा धरून मला ओढ्यातून चढावर फरफटत नेलं आणि तो परत खाली गेला. माझ्याबरोबर भाजी विकणारी शांताबाई अजून खालीच होती. डोळे जळत होते, छातीत श्वास शिरत नव्हता. वरच्या प्लँटवर क्लोरिनचा सिलिंडर गळला होता आणि पिवळट वायू उतारानं आमच्यावर आला होता. त्याला महिना झाला.

दत्तू माझा धाकटा भाऊ. उमरग्याजवळच्या त्या प्लँटवर शहराचं सांडपाणी येतं. टाक्यांत गाळ खाली बसतो, वरचं पाणी नितळ होतं. त्यातले जंतू मारायला क्लोरिन सोडायचा, अर्धा तास थांबायचं, मग काचेच्या नळीत पाणी घेऊन औषधाचे थेंब टाकायचे. फिकट पिवळं झालं, म्हणजे क्लोरिन पुरेसा पडला, तरच ओढ्यात सोडायचं, हे दत्तूचं काम. कुणी घाई केली तर म्हणायचा, “दिसतंय चांगलं, पर आत हगवण हाय.”

त्याच ओढ्यात आम्ही विकायची मेथी धुवायचो.

“आक्का, हितं भाजी धुवू नका.”

“मग अर्धा तास पाण्याची पूजा करतोस का रं?”

शांताबाई हसायची, तो निघून जायचा. मी थोरली. त्यानं सांगावं आणि मी ऐकावं, असं आमच्यात कधी नव्हतं.

त्या दिवशी तो वरून ओरडत आला, “वर चढा, वर चढा.” आमच्याकडं वावटळ आली की बाया तोंडावर पदर घेऊन खाली बसतात. आम्ही दोघी तशाच बसलो. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगटात साचतो... हे त्यानं मला पूर्वी सांगितलं होतं. तेव्हा मी भाकरी थापत होते, लक्ष दिलं नाही.

“जाऊ दे वरनं. तूबी बस,” मी म्हणाले. त्यानं दंड धरला, मी झटकला. पुन्हा धरला, पुन्हा झटकला. तेवढा वेळ तो तोच वायू हुंगत उभा होता. तोंडाला लावायचा मास्क वर शेडमध्येच राहिला होता. तो घ्यायला थांबला असता तर आम्हाला उशीर झाला असता.

शांताबाईला त्यानं पाठीवर आणलं आणि वर येऊन पडला. दवाखान्यात दुसऱ्या दिवशीही तोंडाला फेस येत होता. मला म्हणाला, “ती मेथी टाकून द्या आक्का. न्हायतर इकाल.” दुपारी गेला.

लोक म्हणतात, देवाची इच्छा. देवाचा काय संबंध? हात मी झटकला.

शांताबाई वाचली. मी वाचले.