अक्काचं बोलणं संपेपर्यंत

योगेशचा फोन आला तेव्हा मी मेहरूण भागातल्या माझ्या घरी लसूण सोलत बसले होते. "मावशी..." एवढंच म्हणून तो थांबला. पूर्वीची मी असते तर तेवढ्यात दहा प्रश्न विचारून मोकळी झाले असते. पण फोन कानाला धरून गप्प राहिले. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "आई गेली." त्याची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का. धुळ्याच्या गाडीत बसेपर्यंत मला रडू आलं नाही. थांबून ऐकायला जिनं शिकवलं, तिच्याच जाण्याची बातमी आपण थांबून ऐकली, हे पारोळ्याच्या आसपास कधीतरी लक्षात आलं आणि मग मात्र शेजारच्या बाईने मला पाण्याची बाटली दिली.

अक्काने धुळ्यातल्या देवपूरच्या शाळेत आयुष्यभर पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. माहेरी आम्ही सगळे अहिराणी बोलणारे, पण वर्गात कुणी "शे" म्हटलं की अक्का लगेच "आहे म्हण" म्हणून त्याला उभं करायची. तिच्यापुढे बोलताना शेजारीपाजारीसुद्धा जपून बोलत. निवृत्तीनंतर एका सकाळी पेपर वाचता वाचता तिच्या हातातून चष्मा गळून पडला आणि उजवी बाजू लुळी झाली. पाय पुढे सुधारला, काठी धरून ती अंगणात फिरू लागली. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. डॉक्टर म्हणाले, याला अफेझिया म्हणतात, मराठीत वाचाघात. समजतं सगळं, बुद्धी शाबूत असते, पण हवा तो शब्द वेळेला सापडत नाही. आणि गंमत बघा, पुढे जे मोजके शब्द तिला परत मिळाले ते बहुतेक अहिराणीतलेच होते.

मी जात्याच बोलघेवडी. दर गुरुवारी बस पकडून देवपूरला जायचे आणि दिवसभर अक्काच्या वाटचं मीच बोलायचे. तिने ओठ हलवले की मी पाणी आणायचे, खिडकीकडे पाहिलं की पडदा सारायचे. पाहुण्यांनी तिला काही विचारलं की उत्तर माझ्याकडे तयार. तिची वाचा गेली तर गेली, मी आहे ना, असं मला वाटायचं. खरं सांगते, मला त्याचा अभिमान होता.

निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या पैशातला मोठा भाग अक्काने बाजूला ठेवला होता. आपल्यासारख्या वाचा गेलेल्या माणसांसाठी तो लावायचा, हे तिने योगेशला खुणांनी समजावलं होतं. एका रुग्णालयाचे विश्वस्त त्यासाठी घरी आले. मेंदू तपासायचं नवं यंत्र घेऊ, वर तुमच्या यजमानांचं नाव लावू, असं म्हणून त्यांनी पाटीचा नमुनाही दाखवला. अक्काला बोलण्याचे व्यायाम शिकवणारी मृणालही तिथे होती. तिचं म्हणणं वेगळंच. खान्देशात घरोघर जायचं, वाचाघात झालेल्या माणसाशी घरचे कसे बोलतात ते टिपायचं आणि त्यावरून घरच्यांना कसं शिकवायचं ते शोधायचं. त्यासाठी वर्षभराचा खर्च कुणी देत नव्हतं. मी म्हटलं, "अगं, बोलायला काय शिकवायचं? त्याला कशाला हवं संशोधन?" मृणाल शांतपणे म्हणाली, "किती थांबायचं, कसं विचारायचं, आपल्याकडच्या घरात काय उपयोगी पडतं, हे कुणी नीट पाहिलेलंच नाही, मावशी." मी विश्वस्तांकडे वळले. "अक्काला यंत्रच द्यायचंय, तुम्ही कागद करा..." माझं वाक्य पुरं झालं नाही. अक्काने डावा हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. विश्वस्तांनी दोनदा घड्याळ पाहिलं. कपाळावर घाम येईपर्यंत झगडून अक्का म्हणाली, "माले... बोलू... दे." आणि तिने मृणालकडे बोट केलं.

मी रुसले. चारचौघांत तोंड दाबलं म्हणून दोन गुरुवार देवपूरला फिरकलेच नाही. शेवटी मृणालचाच फोन आला. संशोधनातलं पहिलं घर अक्काचं होतं आणि अक्काशी सगळ्यात जास्त बोलणारी बाई म्हणून त्यांना मी हवी होते. गेले. तिने कोपऱ्यात मोबाईल उभा केला आणि आम्हा दोघींना चहा घेत बसायला सांगितलं. मग ते चित्रण माझ्यापुढे लावलं. त्यात मी होते, फक्त मी. अक्का तोंड उघडायची की मी सुरू. तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर तिने प्रयत्न सोडला आणि ती कपाकडे बघत बसली. मला पुढचं बघवेना. आपली माणसं आजाराने गप्प होतात तेवढीच आपल्या मायेनेही होतात, हे मला कुणी नुसतं सांगितलं असतं तर मी भांडले असते.

थांबणं सोपं नव्हतं. मृणालने सांगितलं तसं मी एकावेळी एकच प्रश्न विचारायला शिकले, आणि विचारून झाल्यावर जीभ दाताखाली धरायला. पुढे अशी बरीच घरं झाली. रावेरकडच्या एका आबांनी कोणत्या बागेची केळी आधी कापायची ते स्वतः सांगितलं, तोवर घरातली बठ्ठी, म्हणजे सगळीच, मंडळी तोंड मिटून उभी होती, हे मृणाल सांगत असताना अक्का डावा हात मांडीवर आपटून हसली. तिची वाचा काही परत आली नाही. पण गल्लीतल्या बायका पुन्हा तिच्याजवळ येऊन बसू लागल्या, आणि तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तीच देऊ लागली.

दुसऱ्यांदा चित्रण केलं तेव्हा मी विचारलं, "अक्का, तुला मला काय सांगायचंय?" आणि थांबले. चहा निवला. बाहेर भाजीवाला हाक देऊन गेला. अक्काचे ओठ हलत होते, बंद होत होते, पुन्हा हलत होते... मग ती म्हणाली, "तू... येत जाय." त्या दोन गुरुवारांचा सगळा हिशेब त्यात आला. मला वाटत होतं रागावण्याचा हक्क माझा आहे. ती मात्र त्या दोन्ही दिवशी बसच्या वेळेला अंगणात काठी धरून उभी होती, हे योगेशने मला नंतर सांगितलं.

मागच्या गुरुवारी मी देवपूरला गेले. अक्का नसली तरी जाते. योगेशच्या मोबाईलवर ते चित्रण आहे. आम्ही तिच्या पलंगावर बसून लावलं. माझा प्रश्न झाला आणि मग ती मोठी शांतता आली. पंखा, भाजीवाला, अक्काचा श्वास. योगेशचा अंगठा पडद्यावर गेला. "मावशी, पुढे घेतो, बोलते ती शेवटी."

मी त्याचा हात धरला. "राहू दे," म्हटलं. "ती बोलतेय."