टॉकबॅकमधला आवाज

आधीच सांगतो, माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. बुवाबाजी उघडी पाडणारे कार्यक्रम मी स्वतः टीव्हीवर केलेत. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण मनात ठेवणंही जमत नाही.

मी मूळचा तामसीचा, तेलंगणातल्या आदिलाबाद जिल्ह्यातला. शाळा तेलुगूतून, घरात मराठी. सुरुवातीला बसने गावोगाव फिरून आदिलाबादच्या केबल चॅनलला बातम्या दिल्या. पुढे हैदराबादला एका तेलुगू न्यूज चॅनलवर संध्याकाळच्या चर्चेचा अँकर झालो. आईला तेलुगू जेमतेम कळायचं, तरी रोज टीव्हीसमोर बसायची. "काय बोलते ते जाऊ दे, पोरगा दिसते ना," म्हणायची.

गेल्या वर्षी तिला लकवा मारला आणि वाचा पार गेली. मोठी बहीण — ताई — माहेरी येऊन तिचं सगळं करत होती. मी फोन केला की ती तो आईच्या कानाला लावायची. मी एकटाच बोलायचो. पलीकडून नुसता श्वास.

त्या दिवशी चर्चा पुरात वाहून गेलेल्या एका पुलावर होती. लाइव्ह. पाहुणे एकमेकांवर ओरडत होते, मीही आवाज चढवलेला. अँकरच्या कानात टॉकबॅक असतो, त्यातून कंट्रोल रूममधला प्रोड्यूसर सूचना देतो. त्यातून अगदी स्पष्ट ऐकू आलं...

"संजू, काऊन एवढा ओरडून राह्यला बापा? पानी पी जरासक."

आईचा आवाज! आजारपणाआधीचा, ठणठणीत.

माझ्या तोंडून निघून गेलं — "हो माय, पितो." मराठीत, लाइव्ह कार्यक्रमात. पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. मी पाणी प्यायलो आणि कसंबसं उरलेलं निभावलं.

संपताच कंट्रोल रूमकडे धावलो. प्रोड्यूसर म्हणाला, "मी काहीच बोललो नव्हतो. तू उत्तर कुणाला दिलंस?" तिथे मराठी येणारं कुणीच नव्हतं. टॉकबॅकचं रेकॉर्डिंग ऐकलं. त्या जागी काही नाही. माझं उत्तर मात्र कार्यक्रमात आहे, सगळ्यांनी ऐकलंय.

तेवढ्यात ताईचा फोन आला. रडत होती.

"संजू, माय गेली रे... तुयाच कार्यक्रम पाहून राह्यली होती. तू 'हो माय' म्हणला ना, तशी हासली. मंग मान टाकली तिनं."

तेरवी झाल्यावर ताईला सगळं सांगितलं. वाटलं होतं, तिला थोडं बरं वाटेल. ती म्हणाली,

"मी तिचा हात धरून बसली होती, संजू. तू 'हो माय' म्हणेपर्यंत तिचे ओठबी हालले नाही. इतके दिवस तिच्या तोंडाकडं पाह्यत होती, एक शब्द तरी बोलंन म्हणून... आन् बोलली त तुयाशी?"

मग पदराने डोळे पुसत तिनं हळूच विचारलं, "कसा होता रे आवाज? मी त विसरून गेली."

तो आवाज कुठून आला, मला आजही माहीत नाही. ताईला मात्र तो कसा होता ते सांगितलं, आजारपणाआधीचा, ठणठणीत.