कुईकुई करणारी कॅसेट
स्पिरिटचा वास आला की ऊर्जानगरचं आमचं क्वार्टर आठवतं. बाबांनी टीव्हीला कम्प्युटर जोडला होता. त्याचा प्रोग्राम कॅसेटवर आवाजाच्या रूपात असे आणि टेपरेकॉर्डरमध्ये ती लावून भरावा लागे. पडद्यावर उडणारा चेंडू बघायला शेजारीपाजारी जमले, पण येत होती नुसती एरर. बाबांनी स्पिरिटने टेपचं हेड पुसलं, आवाज कमी-जास्त केला, कॅसेट पुन्हा पुन्हा मागे घेतली. कम्प्युटरची वायर जोडलेली असली की टेपचा स्पीकर मुका व्हायचा. शेवटी वैतागून त्यांनी ती वायरच उपसली, तर आतून भीमगीत सुरू. आई शांतपणे म्हणाली, "ते कॅसेट कुईकुई करून राह्यली होती. मले वाटलं बिघडली, म्हणून त्याच्यावर गाणे भरले." आता माझ्या कम्प्युटरवर एरर आली, की मी आधी घरात विचारतो, कोणी काही दुरुस्त तर केलं नाही ना.