ह्यूस्टन, मिनियापोलिस आणि कौसाचा पाट

वारंगा फाट्यावर हैदराबादची ट्रॅव्हल्स यायला अवकाश होता आणि मला गप्प बसवत नव्हतं. दोन बॅगा, एक पिशवी, मला न्यायला आलेला माझा लेक विलास, आणि पोचवायला आलेली कौसा. कौसा म्हणजे शिरड शहापूरची माझी शेजारीण. आमच्या दोन घरांत भिंत एकच. तिच्याकडं फोडणी दिली की ठसका मला लागतो. त्या दिवशी तिचा चेहरा एवढा पडला होता की मला खोडी काढल्याशिवाय राहवेना. गाडीचा हॉर्न ऐकू आला तशी मी उठले, पदर खोचला आणि नाटकातल्यासारखा हात उंच करून म्हणाले, "कौसे, जाते मी. आता काही येत न्हाई."

आमच्याकडं निघताना 'जाते' म्हणत नाहीत, 'येते' म्हणतात. माझी माय म्हणायची, "जाते म्हणू नकोस गं, उंबरा ऐकतो." चुकून तोंडातून गेलंच तर परत घरात जायचं, पाटावर बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं.

कौसानं माझ्या तोंडावर हात ठेवला. "रुख्मे, मागं घे ते. घरी चल, पाटावर बस, पाणी पी, मग नीघ."

"अगं, फाट्यावर कुठला उंबरा आलाय ऐकायला?" मी हसले. गाडी येऊन थांबली होती. "माय, चढ लवकर," विलास ओरडला. मी चढले. खिडकीतून पाहिलं तर कौसा हसत नव्हती.

त्याला दीड वर्ष झालं. गावाकडच्या बायांनो, हे तुमच्यासाठी लिहिते. आणि लेकरांच्या मागं इकडं अमेरिकेत येऊन सोफ्यावर बसलेल्या माझ्यासारख्यांनो, तुमच्यासाठीही. तुम्हाला तर काही समजावून सांगायची गरज नाही.

मी पहिल्यांदा घर सोडलं ते औंढा नागनाथहून, लग्नात. शिरड शहापूर ते कितीसं लांब! पण बैलगाडीत बसून मी असा काही गळा काढला होता की बैल बिचकले. सासरी पोचल्यावर चार दिवस जेवले नाही, पाचव्या दिवशी सासूच्या नजरेआड शेंगदाण्याचा डबा निम्मा केला. ती पोरगी आज समोर आली तर तिला सांगेन, बाई गं, रडणं जपून वापर, पुढं लागणार आहे.

आणि तिच्याहून वेडी ती चाळीस-पंचेचाळिशीची रुखमीण. विलासला अमेरिकेचं बोलावणं आलं तेव्हा तो पाय मागं घेत होता. "माय, तू एकटी पडशील," म्हणाला. त्याचे वडील नुकतेच गेले होते. तर ही बाई त्याच्यावर गुरकावली, "इथं काय हाय? ढेकळं!" मग तीन वर्षांनी लेकीलाही धाडलं. सुनंदा मिनियापोलिसला गेली त्या दिवशी मी गल्लीत पेढे वाटत होते आणि बायांना सांगत होते की तिकडं धूळच नसते, झाडूच विकत मिळत नाही. मी कुठं पाहिलं होतं? पण बोलायला काय जातं! त्या रुखमिणीचे दोन्ही कान पिळावेत असं फार वाटतं. पण तिचे कान म्हणजे माझेच.

आता उन्हाळाभर मी सुनंदाकडं मिनियापोलिसला असते, थंडीत विलासकडं ह्यूस्टनला. परतीचं तिकीट एकदा पुढं गेलं, मग पुन्हा गेलं. आता माघातलं आहे. कौसाच्या रानात तेव्हा हळद शिजत असते, अख्ख्या गावाला त्या वाफेचा वास येतो. मला त्या वासात उतरायचं आहे. पण मधेच माझं कायम राहण्याचं कार्ड आलं, आणि भावा-बहिणीत वाद सुरू झाला की माय कायमची कोणत्या शहरात राहणार.

दर रविवारी सकाळी व्हिडिओ कॉल. मी मधे बसते आणि माझ्या डोक्यावरून दोन शहरं भांडतात.

"दादा, तुझ्याकडं पूर येतो. मागच्या वादळात तुमी पोटमाळ्यावर चढून बसला होता. मायला शिडी चढता येते का?" सुनंदा म्हणते.

"आणि तुझ्याकडं? रस्त्यावर काचेसारखा बर्फ पडून राहतो तो डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. पाय घसरला, खुबा मोडला की संपलं."

"इथलं हॉस्पिटल बघ आधी."

"हॉस्पिटल लागावं असंच शहर आहे ते!"

मी ऐकत राहते. आधी मजा वाटायची. लग्नाला स्थळं सांगून यावीत तशी या वयात मला शहरं सांगून येत होती! मग हळूहळू ध्यानात आलं की जगण्याचं कुणी बोलतच नाही. ह्यूस्टनला मी बुडून मरणार, मिनियापोलिसला गोठून. ह्यूस्टनला फोन एकदम किंचाळतो, पुराचा इशारा म्हणून. मिनियापोलिसला महिन्यातून एकदा भर दुपारी भोंगा वाजतो; चक्रीवादळाचा सराव म्हणे. पहिल्यांदा वाजला तेव्हा मी हातातली कणीक टाकून दारात आले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कुणीही घाबरलं नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटली.

विलासची लेक ईशा पंधरा वर्षांची आहे. तिनं यावर तोडगा काढला. एका मोठ्या कागदावर दोन रकाने आखले, दोन शहरांची नावं घातली, आणि चांगलं-वाईट लिहून कागद फ्रिजला चिकटवला. मला वाचूनही दाखवला. ह्यूस्टन, चांगलं: ऊन, भेंडी, तोंडली, देऊळ जवळ, परसात लावलेली हळद उगवते. वाईट: पूर, लाइट जाते, गाडीशिवाय कुठं जाता येत नाही. मिनियापोलिस, चांगलं: तळी, डॉक्टर, आत्या घरूनच काम करते. वाईट: बर्फ, दुपारीच अंधार.

तळाची एक ओळ मात्र तिनं वाचायची सोडली. अक्षर विलासचं होतं.

"ही कुठली गं?" मी बोट ठेवलं.

"ते काही नाही, आजी."

"काही न्हाई तर वाच की."

तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. "ते... नंतरचं आहे. म्हणजे, खूप नंतरचं."

मला इंग्रजी येत नाही, पण लेकराचा चेहरा वाचता येतो. त्या ओळीपुढं दोन्ही शहरांच्या रकान्यात बरोबरच्या खुणा होत्या. म्हणजे ती शेवटची सोय दोन्हीकडं होती.

मी पेन घेतलं आणि कडेला तिसरा रकाना आखला. वर लिहिलं, शिरड शहापूर. चांगलं: कौसा. वाईट: कौसा. ईशा खूप हसली. विलासनं संध्याकाळी वाचलं आणि उगाच फ्रिजचं दार उघडून उभा राहिला.

आता खरं सांगते. दिवाळीपासून माझा डावा हात अधूनमधून माझा नसतो. मुंग्या येतात, मग काहीच येत नाही. पाच-दहा मिनिटांनी परत येतो, बाहेर भटकून आलेल्या मांजरासारखा. हे मी फक्त कौसाला फोनवर सांगितलं होतं.

"लेकराला काहून सांगत न्हाईस?" ती म्हणाली.

"सांगितलं तर विमानात बसू देतील का?"

"आणि विमानातच काही झालं म्हंजे?"

"मग निदान तोंड तर गावाकडं असंल."

"तुझी थट्टा जाळ!" ती ओरडली. "त्या दिवशी फाट्यावर पन थट्टाच केलतीस."

त्यानंतर मी लपवायला लागले. चहा उजव्या हातानं. जिना चढताना कठडा उजवीकडं धरायचा. सुनंदानं कॅमेऱ्यातून विचारलं, "माय, डावा हात पदराखाली काहून?" तर म्हणाले, थंडी वाजते. ह्यूस्टनात! तिनं लगेच दादाला ऐकवलं की तुझ्याकडं एसी फार थंड असतो. मी वाचले.

गेल्या रविवारी मात्र दोघांनी ठरवूनच विचारलं. "माय, आज तूच सांग. इकडं का तिकडं?"

मी चहाचा कप घेऊन बसले होते. बोलण्याच्या नादात तो कधी डाव्या हातात आला कळलं नाही. मी म्हणत होते, "ज्याच्या शहरातून मला घरी जायला लवकर विमान मिळंल, ते शहर..." आणि दोघांचे चेहरे बदलले. ईशा धावत आली.

"आजी, चहा! तुझा हात भाजतोय!"

मी खाली पाहिलं. कप कलंडला होता, मनगटावरून वाफाळता चहा ओघळत होता, कातडी लाल झाली होती. मला काहीच लागत नव्हतं. कुणा दुसरीच्या हातावर सांडावा तसं मी बघत राहिले.

पहिल्यांदाच दोन्ही शहरं एकदम गप्प झाली.

मग सुनंदा तिकडं रडायला लागली. विलास गुडघ्यावर बसून माझ्या हातावर पाणी ओतत राहिला. "कधीपासून, माय?" मी सांगितलं. तो ओरडला नाही, त्यानंच जास्त भीती वाटली. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "माघातलं तिकीट?"

"बघू," म्हणाला.

लहानपणी तो नव्या चपला मागायचा तेव्हा मीही असंच म्हणायचे, बघू. त्या चपला कधी आल्या, कधी आल्या नाहीत. तेव्हा तो काय ऐकायचा ते मला आता कळलं.

"बघ," मी म्हणाले. "डॉक्टर तुझा, शहर तुमचं तुमी ठरवा. पन तिकीट रद्द करू नको. मला तिथं राहायला जायचं न्हाई. पाटावर बसायचंय."

"कसल्या पाटावर?"

मी त्याला फाट्यावरची गोष्ट सांगितली. तो तिथंच होता, पण त्यानं ऐकलं नव्हतं. गाडीची घाई होती. आता ऐकलं. फ्रिजवरचा कागद त्यानं काढला, घडी घातली, फेकला मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कौसाला फोन लावला. तिकडं संध्याकाळ होती. सगळं सांगितलं. ती हुंकार देत ऐकत राहिली. मग म्हणाली, "रुख्मे, तू म्हनलीस फाट्यावर उंबरा न्हाई."

"म्हणले."

"मी व्हते की तिथं."

मग तिनं सांगितलं, हे मला ठाऊकच नव्हतं, की फाट्यावरून परतल्या दिवशीच तिनं माझं घर उघडलं आणि मधल्या खोलीत पाट मांडला. दीड वर्ष झालं. रोज सांजेला झाडते, पाटापुढं तांब्या भरून ठेवते, सकाळी ते पाणी तुळशीला घालते. तिच्या सुनेनं विचारलं, आत्याबाई, हे काय करून राहिल्या? तर म्हणाली, रुखमिणीचं निघणं अर्धं राहिलंय.

घर म्हणजे काय, असं इकडच्या मराठी मंडळात बाया एकमेकींना विचारतात आणि डोळे पुसतात. मीही आधी भिंती सांगायचे, चूल सांगायचे, रान सांगायचे. आता एवढंच सांगेन, की जिथं माझं बोललेलं कुणीतरी ऐकून ठेवलंय आणि ते मागं घ्यायला मला अजून जागा आहे, तेवढं घर. ते ह्यूस्टनला नाही, मिनियापोलिसलाही नाही. त्यात त्या शहरांचा दोष नाही.

मंगळवारी मोठी तपासणी आहे. माघ अजून पाच आठवड्यांवर आहे. हे लिहिताना डावा हात मांडीवर पालथा पडलाय. काल दहा मिनिटांत परत आला होता. आज अर्धा तास झाला.

कौसे, पाट उचलू नकोस. पाणी भरत राहा. येते मी.