विमान आजोबांचं

"विमान माझं. पायलट ते फक्त उसनं न्यायचा." सिडनीतल्या क्वेकर्स हिलमधले आमचे शेजारी, पोलिश आजोबा, बोट नाचवत हे सांगायचे. वय नव्वदीच्या बरंच पुढे. ऐकणारा मी, वर्क फ्रॉम होमने वैतागलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर, कॉफीचा मग घेऊन कुंपणाशी आलेला.

महायुद्धात पोलंड हातचा गेला तेव्हा ते कसेबसे इंग्लंडला पोचले. तिथं त्यांच्यासारख्याच देश गमावलेल्या पोलिश मंडळींचं एक फायटर स्क्वाड्रन होतं. आजोबा त्यात मेकॅनिक. पायलटच्या गोष्टी तुम्ही-आम्ही ऐकतोच. मेकॅनिकला कोण विचारतो? विमान उडालं की ते परत येईपर्यंत हे धावपट्टीशी उभे.

"थंडी नाही वाजायची?"

"गाढवा, इंग्लंड होतं ते!"

एकदा ते चहाला गेले आणि नेमकं तेव्हाच विमान उतरलं. पायलटचे सीटचे पट्टे सोडवायला कोणी नाही. पायलट बराच वेळ आत तसाच बसून राहिला. दुसऱ्या दिवशी गेला तो आलाच नाही.

"येणाऱ्यासाठी कोणीतरी उभं हवं, मेट," म्हणाले, आणि गुलाबांना पाणी घालायला लागले. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

त्यांची एकुलती एक मुलगी लंडनला. कोविडमध्ये तिचं तिकीट सारखं रद्द व्हायचं. अखेर सिडनीत उतरली ती थेट हॉटेल क्वारंटाइनमध्ये, घरापासून तासाभरावर. त्याच आठवड्यात आजोबांना धाप लागली. अँब्युलन्स आली तरी हे हलेनात.

"ती येईल आणि दारात कोणी नसेल!"

अँब्युलन्सवाली पोरगी मास्कआडून विनवत होती. शेवटी ते माझ्याकडे वळले. "इंजिनिअर, तू राहशील उभा?"

"राहीन हो! जा आता," मी खेकसलो.

ते हॉस्पिटलमध्येच वारले. मला फोन आला, मी तो ठेवला आणि मीटिंगला परत बसलो. रडूबिडू काही आलं नाही. सगळंच बधिर झालं होतं तेव्हा. तुमचंही झालं असेल.

मुलीला बातमी हॉटेलातच फोनवर कळली होती. ती क्वारंटाइनमधून सुटली त्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्या ड्राइव्हवेत. मॅनेजरचे फोन येत होते, घेतले नाहीत. दुपारी टॅक्सी आली. साठीची बाई, बापासारखीच उंच. जवळ जावं की नाही, कळेना.

"तू इथं का उभा आहेस?" तिनं विचारलं.

"आजोबांनी सांगितलं होतं."

तिनं हातातली बॅग सोडली आणि तिथंच, तापलेल्या सिमेंटवर, खाली बसली.