पडद्याच्या उलट्या बाजूला

कुसुमताई तायडे वर्गात फ्रेंच शिकवत आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की हिवरखेडची वऱ्हाडी बोलत. पुस्तकी मराठी त्या फक्त प्राचार्यांना अर्ज लिहिताना वापरत. मी लग्न होऊन पुण्याहून अमरावतीला आले आणि त्याच कॉलेजात इंग्रजी शिकवू लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "इतकी हळू काहून बोलतं वं बाई? कोणी झोपलं हाय का इथं?" मी बिचकले. पण आठवडाभरात आमचे डबे एकाच टेबलावर उघडू लागले.

मुलांनो, तुम्ही आता घरबसल्या कुठल्याही देशाचा चित्रपट पाहता. १९६०च्या दशकात कुसुमताईंनी आमच्या कॉलेजच्या आवारात फ्रेंच चित्रपटांचा महोत्सव भरवला. तीन दिवस, तीन चित्रपट. दिल्लीहून रिळांच्या पेट्या बडनेऱ्याच्या स्टेशनावर उतरल्या आणि टांग्याने आल्या. मुलगे येणारच होते. कुसुमताईंना मुली यायला हव्या होत्या. "फ्रेंच शिकून राहिल्या पोट्ट्या, अन् फ्रेंच माणूस बोलताना एकीनंबी पाह्यला नाई," त्या म्हणत.

वसतिगृहाच्या मुलींना घरची बाई सोबत असेल तरच सिनेमा पाहता येई. प्राचार्यांनी वर दोन अटी घातल्या. मुलामुलींनी एकत्र बसायचं नाही. आणि पहिल्या दिवशी एक जरी तक्रार आली, तर पुढचे दोन दिवस मुली वसतिगृहातच राहतील. कुसुमताईंनी पहिला दिवस रविवारचा धरला, कारण त्या दिवशी आया-मावश्या डबे घेऊन मुलींना भेटायला येतच. आणि जत्रेतल्या तंबूत टांगतात तसा पडदा त्यांनी सभागृहाच्या मधोमध टांगला. पुढे मुलगे, मागे बायका.

दिवे मालवल्यावर चूक कळली. पडद्यामागून चित्र छान दिसत होतं, पण उलटं. खालच्या इंग्रजी ओळी आरशात धरल्यासारख्या. मलाही धड वाचता येईनात. "हे काई माह्या ध्यानात नाई आलं बाप्पा," असं म्हणून कुसुमताई उठल्या आणि पडद्याशेजारी उभ्या राहून सांगू लागल्या. "ही बाई पावाची भट्टी चालवते. नवरा लढाईवर गेला. गावातले लोक म्हणून राहिले, आता वाट पाहू नको त्याची." कानात फ्रेंच शिरत होती आणि तोंडातून वऱ्हाडी निघत होती, मध्ये श्वासाचंही अंतर नाही. असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

शेवटी स्टेशनात गाडी थांबली, नवरा उतरला आणि सर्वांदेखत त्याने तिचं चुंबन घेतलं. ते संपेचना. मुलग्यांच्या बाजूने एक शिट्टी आली. आमच्या पहिल्या रांगेत चांदूर रेल्वेच्या एका मुलीची शेवंताआत्या बसली होती. या आत्याचा भाऊ कॉलेजच्या कार्यकारी मंडळावर होता. दाराशी बसलेले प्राचार्य पडदा सोडून तिच्याकडेच पाहत होते. मी मान खाली घातली.

कुसुमताईंचा आवाज जराही बदलला नाही. "लई सालानं आला माणूस. बाई त्याले जवळ घेऊन पाहून राहिली, खरंच आला का सपनात आला."

पुन्हा शिट्टी आली नाही. अंधारात शेवंताआत्याने विचारलं, "मंग त्याचा एक हात कुठी गेला?"

"लढाईत गेला, आत्या."

"अन् भट्टी?"

"आता दोघं मिळून चालवतीन."

आत्याने पदराने डोळे पुसले.

बाहेर पडताना प्राचार्यांनी स्वतः तिला गाठलं. "काही तक्रार, आत्याबाई?"

"हाय ना. तुमचा पंखा लई आवाज करते, या बाईचं बोलणं आयकू येत नाई. उद्या सुनेले घेऊन येतो, तवा बंद ठेवजा."

दुसऱ्या दिवशी पंखा बंद होता. तिसऱ्या दिवशी निम्मे मुलगे आपली सुलट बाजू सोडून आमच्याकडच्या भिंतीला टेकून उभे राहिले, आणि प्राचार्य या वेळी पडद्याकडेच पाहत राहिले.

कुसुमताई जाऊन आता बरीच वर्षं झाली. फ्रान्सला जाणं त्यांना जमलं नाही. त्या रविवारी फाटकाकडे चालताना त्यांनी माझा हात धरला, तेव्हा त्यांची बोटं बर्फासारखी गार होती.

"तुम्हांला भीती वाटली होती?" मी विचारलं.

"भ्यायली ना वं. पण इतक्या बाया डोळे उघडे ठेवून पाहून राहिल्या होत्या. मी एकटीनं मिटले असते, तर त्याइले कोणं सांगतलं असतं?"